स्लॅब पडला का?

‘स्लॅब पडला का?’ असं आपल्याकडे कोणी विचारलं, तर घाबरायचं कारण नसतं. बांधकाम कुठवर आलं, एवढंच त्याला हवं असतं. २०२३च्या मे महिन्यात नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या घराचा दुसरा स्लॅब होता, तेव्हा सकाळपासून फॅमिली ग्रुपवर हाच प्रश्न येत होता.

माझी डिग्री सिव्हिलची, नोकरी सॉफ्टवेअरची. पप्पा मात्र ठेकेदाराला अभिमानाने म्हणाले, ‘आमचा मुलगाच इंजिनिअर आहे.’ तो हसून म्हणाला, ‘मग काही टेन्शनच नाही.’

नारळ फुटला, मिक्सरला हळदीकुंकू लागलं, पंचवीसेक माणसं कामाला लागली. मी व्हिडिओ काढत होतो. दुपारच्या जेवणाची ऑर्डर माझ्याकडे होती. त्यात जिलबी आठवणीने सांगितली होती.

चारच्या सुमारास कडेच्या फळीवरून एक मुलगा खाली गेला. पेठ तालुक्यातला, विशीतला. घमेलं पुढे देऊन तो मागे सरकला आणि फळी उलटली. खाली वाळूचा ढीग होता, म्हणून पायावर निभावलं. दोन हात पलीकडे सळया रचलेल्या होत्या.

मिक्सर थांबला नाही. ‘स्लॅब मध्येच सोडला तर सांधा राहतो, गळतो,’ ठेकेदार म्हणाला. कॉलेजात मीही हेच शिकलो होतो. मी मान डोलावली. मग त्या मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत तो एकदाच बोलला, ‘दादा, माझा शर्ट वर राहिला. मोबाईल त्यात आहे.’

रात्री झोप येईना, तेव्हा हिशोब केला. सळईसकट काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २५०० किलो. आमचा स्लॅब पाच इंची, हजार चौरस फुटांचा. म्हणजे २९ टनांच्या आसपास, बीम वेगळे. ओला स्लॅब स्वतःला पेलत नाही, त्याला सेंट्रिंग पेलतं. आमच्याकडे खाली बल्ल्या होत्या. काहींची उंची कमी पडली म्हणून त्यांच्याखाली विटांचे तुकडे सारले होते. सकाळी मी ते पाहिलं होतं आणि पुढे गेलो होतो. विटा सरकल्या असत्या, तर एकटा तो मुलगा खाली आला नसता.

२९ जुलै २०१६ला पुण्यात बालेवाडीला एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर स्लॅबचं काम चालू असताना तो कोसळला आणि ९ मजूर मेले. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वर्गात दोन दिवस चर्चा झाली, मग परीक्षा आली. तिथे बिल्डर होता, गुन्हा दाखल झाला. आमच्या घराचा बिल्डर कोण? पप्पा आणि मी.

हे नुसतं मनाला लावून घेणं नव्हतं. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६चा कायदा दहा किंवा जास्त मजूर असलेल्या कामाला लागू होता. स्वतःचं घर बांधणाऱ्याला सूट होती, पण खर्च दहा लाखांच्या आत असेल तरच. आमचा खर्च केव्हाच त्यापुढे गेला होता.

आठव्या दिवशी ठेकेदार सेंट्रिंग खोलायला आला. प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक. त्याप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्याचे १४. आमचा हॉल मोठा होता. मी नाही म्हटलं.

‘भाऊ, वीस वर्षं हेच करतोय.’

‘जास्तीच्या दिवसांचं भाडं मी देतो. टेकू राहू द्या.’

पुढच्या कामासाठी दोन सेफ्टी बेल्ट आणि दोर आणला. बिल जिलबीपेक्षा थोडंच जास्त झालं.

त्या मुलाच्या दवाखान्याचा खर्च आणि दोन महिन्यांची मजुरी आम्ही दिली. पप्पा नातेवाइकांना सांगतात, ‘आम्ही त्याला मदत केली.’ हा शब्द मला अजून टोचतो. तो व्हिडिओ फोनमध्ये आहे. त्यात कडेची फळी स्पष्ट दिसते. ती कशालाच बांधलेली नाही.

मागच्या महिन्यात मावसभावाचा सिन्नरहून फोन आला. ‘दादा, परवा स्लॅब आहे. जेवायला काय सांगू?’

म्हटलं, ‘ते नंतर. आधी वर जा, फळ्या बांधल्यात का बघ. आणि खाली विटा दिसल्या तर मला फोटो पाठव.’