थंडीची वाट पाहणारे झाड

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा आम्ही शाळेच्या इतिहासावर लिहू, अशी त्यांची अपेक्षा असणार. इतिहास हाच आमचा विषय, एम.ए. त्यातच केले आणि जवळजवळ तीन दशके तोच शिकविला. तथापि या खेपेस आम्ही आमच्या परसातील एका झाडाविषयी लिहिणार आहोत. त्या झाडाने आमची एक जुनी चूक आमच्यापुढे आणून उभी केली, आणि ती चूक याच शाळेत घडली होती.

निफाड तालुक्यात घर बांधले तेव्हा मागे एक गुंठा जागा मोकळी राहिली. आमच्या वडिलांच्या नावावर हातभरही जमीन नव्हती. मराठवाड्यातील जिरायती गावात त्यांनी आणि आईने आयुष्यभर दुसऱ्यांची शेते खुरपली, दुसऱ्यांची पिके काढली. त्यामुळे हा एक गुंठा आमच्या घरी मोठ्या अभिमानाचा विषय आहे. त्यात मेथी, वांगी, गवार असे काही ना काही सदैव असते. चार वर्षांपूर्वी, पुण्यातील एका हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्याने बियाण्याचे एक पाकीट आणून दिले. त्यावर कमळाच्या कळीसारख्या, हिरव्या खवल्यांच्या बोंडाचे चित्र होते. नाव आर्टिचोक, हिंदीत यालाच हाथीचक म्हणतात. "सर, तुमच्याकडे थंडी पडते, लावून पाहा," एवढे बोलून तो गेला.

इतिहासाच्या सवयीने आम्ही आधी त्याची वंशावळ शोधली. भूमध्य समुद्राच्या काठच्या एका रानटी, काटेरी झुडपातून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत हे पीक घडविले. अरबीतील 'अल-खर्शूफ' या नावावरून स्पॅनिश व इटालियन भाषांतील त्याची नावे आली. इटलीतून पोटासाठी अमेरिकेस गेलेल्या स्थलांतरितांनी ते कॅलिफोर्नियाच्या धुकट किनाऱ्यावर रुजविले. पुढे न्यूयॉर्कच्या बाजारात गुंडांच्या टोळीने या व्यापारावर एवढा कब्जा केला की डिसेंबर १९३५ मध्ये महापौर ला गार्डिया यांना शहरात त्याची विक्रीच काही दिवस बंद ठेवावी लागली. एका भाजीच्या पोटात एवढा इतिहास पाहून आम्ही हरखून गेलो.

ऑक्टोबरात बी ट्रेमध्ये टाकले. दीड महिन्याने सहा रोपे गादीवाफ्यावर, एकमेकांपासून तीन-साडेतीन फुटांवर लावली. पाने रुपेरी झाक असलेली, खोल कातरलेली, टोकाशी बारीक काटे. आमची आई ऐंशीच्या घरात आहे. तिने एका पानावरून हात फिरविला आणि म्हणाली, "ही तर करडीची थोरली बहीण हाय." वनस्पतिशास्त्रही हेच सांगते. दोन्ही झाडे सूर्यफुलाच्या कुळातील, आणि त्यातही काटेरी झुडपांच्या एकाच शाखेची आहेत. आईला ही ओळख तळहाताने पटली होती. करडईच्या काढणीला ती पहाटे जात असे, कारण दवाने काटे मऊ पडलेले असतात. हातांना चिंध्या गुंडाळूनही संध्याकाळी सुईने काटे काढावे लागत. ते आम्ही लहानपणी चिमणीच्या उजेडात पाहिले आहे.

या झाडाची खायची वस्तू म्हणजे न उमललेली कळी. पहिल्या हिवाळ्यात पाने वाढली, कळीचे नाव नाही. उन्हाळ्यात शेडनेट बांधून ती कशीबशी जगविली. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचले आणि सहापैकी चार रोपे कुजून गेली. उरलेल्या दोघांवर मावा पडला. दिवाळीच्या सुमारास आम्ही कुदळ घेऊन परसात गेलो; त्या जागी मेथीचे दोन वाफे होतील, असा हिशेब होता. आई ओट्यावर बसली होती. तिने विचारले, "मुळी जित्ती हाय का?" आम्ही म्हटले, आहे. ती म्हणाली, "मग अजून एक थंडी जाऊ द्या की."

कुदळ हातातच राहिली. हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते.

सत्तावीस वर्षांपूर्वी, आम्ही शाळेत नवे असताना, एका ऊसतोड कामगाराचा मुलगा पाचवीत दाखल झाला. तो बोलत नसे. दोनदा वसतिगृहातून पळाला. सहामाहीत सर्व विषयांत नापास झाला. आम्ही वर्गशिक्षक होतो. वर्षअखेर नोंदवहीतील अभिप्रायाच्या रकान्यात आम्ही स्वहस्ताक्षरात लिहिले : 'अभ्यासात गती नाही. वसतिगृहास अयोग्य.' त्याचे वडील आले तेव्हा हात जोडून म्हणाले, "गुरुजी, अजून एक वरीस ठेवा." आम्ही त्यांना वही दाखविली. त्यांना वाचता येत नव्हते, तरी दाखविली. ते मुलाला घेऊन गेले.

सात-आठ वर्षांनी एका साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. एक तरुण गाडीवर उभा राहून मुकादमाला मोळ्यांचा हिशेब तोंडी सांगत होता. भरभर, न चुकता. त्याने आम्हाला ओळखले. खाली उतरला, कोयता बाजूला ठेवला आणि म्हणाला, "जय भीम, गुरुजी." आम्ही 'जय भीम' म्हटले. त्याहून अधिक काही बोलण्याचे धैर्य आम्हास झाले नाही. त्यानंतर त्याची आमची भेट नाही.

आम्ही झाडे ठेवली. त्या डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला. बागाईतदार पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवीत होते, कारण असल्या थंडीत मणी तडकतात. आर्टिचोकची गत उलट आहे. पुरेसे दिवस कडक थंडी सोसल्यावाचून ते सहसा कळी धरीत नाही. फेब्रुवारीत दोन्ही झाडांच्या मधोमध मुठीएवढ्या कळ्या वर आल्या, मोजून सात.

खवले घट्ट मिटलेले असतानाच कळी कापावी लागते. कापलेला भाग लगेच काळा पडतो, म्हणून त्यास लिंबू चोळतात. पाऊण तास उकडल्यावर एकेक खवला सोलून त्याच्या बुडाचा मऊ गर दातांनी ओढून खायचा. आतले केस काढून टाकले की तळाशी मऊ गाभा उरतो. आमच्या सहचारिणींनी त्यावर करडईचे तेल, मीठ आणि तिखट घातले. आईने सावकाश खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्याली आणि म्हणाली, "पाणी ग्वाड लागतंय." या भाजीनंतर पुष्कळांना पाणी तसे लागते. एक कळी आम्ही कापली नाही. मार्चात ती निळ्या-जांभळ्या फुलाने उमलली आणि मधमाश्यांनी भरून गेली.

झाडाच्या बुडाशी आलेले तीन फुटवे आम्ही शाळेच्या बागेत लावले आहेत. माजी विद्यार्थ्यांनी येऊन ते अवश्य पाहावेत. पालकांना मात्र एवढेच सांगावयाचे आहे : जूनमध्ये पाचवीत आलेल्या मुलाच्या नोंदवहीत अभिप्रायाचा रकाना आम्ही आता पहिल्या वर्षी कोराच ठेवतो. कार्यालयाने त्याविषयी विचारणा केली, तेव्हा आम्ही उत्तर दिले की मुलाची अजून एक थंडी जायची आहे.