आधी रेडिओ, मग समीकरण

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकवताना आधी गणित आणि वेळ उरलाच तर प्रयोग, हा क्रम आपल्याकडे रूढ आहे. माझ्या मते तो उलटा हवा. डिजिटल टीव्हीसाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप रेडिओचे कच्चे ८ बिटी नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२च्या सुमारास सर्वांना कळले आणि अभ्यासाची खरी सामग्री विद्यार्थ्याच्या खिशाला परवडू लागली. डोंगल पायथनला जोडला की एफएम केंद्र संमिश्र संख्यांची रांग होऊन हाती येते. प्रत्येक संख्येला मागच्या संख्येच्या संयुग्मीने गुणायचे आणि गुणाकाराचा कोन काढायचा, की गाणे ऐकू येते. एफएममध्ये आवाज वारंवारतेच्या बदलात असतो आणि वारंवारता म्हणजे कोन बदलण्याचा वेग. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत हे सारे एका ओळीत मावते.

पण खरे शिक्षण गाणे बिघडते तेव्हा होते. सेकंदाला २,४०,००० नमुने आहेत, ध्वनीसाठी ४८,००० पुरतात, म्हणून पाचांतला एकच ठेवला, तर स्टिरिओ केंद्राच्या गाण्यावर खरखर चढते. डाव्या-उजव्या आवाजांतला फरक ३८ किलोहर्ट्झभोवती पाठवलेला असतो. तो दुमडून १० किलोहर्ट्झवर येतो. केंद्राचे नाव सांगणारा ५७ किलोहर्ट्झवरचा आरडीएस ९वर येऊन बसतो. नमुने गाळण्याआधी १५ किलोहर्ट्झच्या वरचे सारे फिल्टरने कापले की खरखर जाते. नमुन्यांच्या दराच्या निम्म्याहून उंच वारंवारता अशी दुमडते, हा नायक्विस्टचा नियम ही खरखर ऐकलेल्याला पाठ करावा लागत नाही.

जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये तयार ब्लॉक असताना हे हाताने कशाला लिहायचे? रिसीव्हर बनवायचा असेल तर ते ब्लॉक जरूर वापरावेत. शिकताना मात्र ते सगळे बिनचूक करून टाकतात आणि प्रश्नच पडू देत नाहीत. पायथन संथ आहे, हा आक्षेप मला फारसा पटत नाही; काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवर काम करताना घाई कसली, आणि नमपायची आकडेमोड आतून सीमध्येच होते.

वजनदार आक्षेप वेगळा आहे: कान चुकीवरही समाधान मानतो. प्रक्षेपणात उंच स्वर मुद्दाम वाढवलेले असतात. ते पुन्हा उतरवायचे राहिले तरी गाणे चालूच राहते, फक्त जरा टोचते. म्हणून प्रत्येक पायरीवर कोणती वारंवारता किती आहे हे दाखवणारा एफएफटीचा आलेखही पाहायला हवा. आणि उंच स्वर किती उतरवायचे हे ठरवणाऱ्या, भारतातल्या ५० मायक्रोसेकंद या एका कालस्थिरांकातून त्या उताराचा सगळा वक्र कसा निघतो, ते कागदावरच सोडवावे लागते.