आमची मंडळी

मराठी भाषेंत 'मंडळी' हा शब्द मोठा सोयीचा आहे. घरांतील माणसें ती मंडळी, पंक्तीस बसलेले पाहुणे ती मंडळी. जुन्या वळणाचा गृहस्थ तर पत्नीचा उल्लेखहि 'आमची मंडळी' असाच करी. ख्रिस्ती समाजानें उपासनेस जमणाऱ्या समुदायास हेंच नांव दिलें. त्यांत केवढा अर्थ आहे, हें कळण्यास आम्हांस वयाचीं पन्नास वर्षें उलटावीं लागलीं.

आमचें बालपण नगरास अशाच एका मंडळींत गेलें. पुढें पदवी घेतली, पुण्यास प्राध्यापक झालों, आणि उपासनेंतील 'बंधु', 'भगिनी' हीं संबोधनें आम्हांस निव्वळ उपचाराचीं वाटूं लागलीं. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय हें आमचें ठेवणींतलें अस्त्र होतें. यरुशलेमेंतील पहिल्या मंडळींतहि, रोजच्या वांटपांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर झाली होती. पहिल्याच पिढींत जेथें विधवांच्या अन्नावरून तंटा, तेथें कुटुंबप्रेम कसलें, असें आम्ही विचारीत असूं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मातोश्री अंथरुणास खिळल्या. परीक्षांचें काम आवरून निघण्यास आम्हांस चार दिवस लागले. घरीं पोहोंचलों तों एका वहींत पाळ्या लिहिलेल्या आढळल्या: सकाळचा मऊ भात कोणाचा, औषध कोणाकडे, रात्रीचें जागरण कोणाचें. एक पोक्त बाई आईचे पाय चेपीत होत्या. त्यांचे पणजोबा व आमचे पणजोबा बाप्तिस्म्यापूर्वीं एकमेकांच्या हातचें पाणी प्याले नसते! बाईंनीं वर पाहून विचारलें, "भाऊ, जेवलांत का?" यजमान त्या होत्या, पाहुणे आम्ही.

ना. वा. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांचें घर कसें दुभंगलें, हें लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'च्या वाचकांस ठाऊकच आहे. रक्ताचीं नातीं तुटलेल्या त्या पिढीस नवीं नातीं जोडल्यावांचून गत्यंतर नव्हतें. 'बंधु' हा शब्द तिनें उपचारानें नव्हे, गरजेनें उच्चारला.

त्या रात्रीं आईच्या उशाशीं बसून आम्ही तो सहावा अध्याय पुन्हा वाचला. तक्रार झाली, एवढेंच आम्ही लोकांस सांगत आलों. पुढचें कधीं सांगितलें नाहीं. मंडळीनें वांटपासाठीं सात जण निवडले, आणि त्या सातांचींहि नांवें ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हातीं कोठार दिलें गेलें! भांडण कोणत्या कुटुंबांत होत नाहीं? भांडणानंतरहि विधवेचें ताट रिकामें राहत नाहीं, तेंच कुटुंब. आमच्या घरचीहि एक विधवा या मंडळीनें सांभाळली होती, पोटचा मुलगा पुण्यास उत्तरपत्रिका तपाशीत असतां.

सकाळीं आम्ही ती वही मागून घेतली आणि रात्रीच्या पाळीस आपलें नांव लिहिलें.