फ्लॅश आणि कतब्यावरचा आकडा

आमच्याकडच्या कुठल्याही निकाहचा अल्बम उघडून पाहा. सगळ्यांचे चेहरे सारखेच पांढरे, कपाळं चमकलेली, मागच्या भिंतीवर प्रत्येकाच्या डोक्याभोवती काळी कडा आणि नवरीच्या ओढणीवरची जरी म्हणजे नुसता पिवळा डाग. यात फोटोग्राफरकडं कसब नसतं असं नाही. स्टेजवर पन्नास माणसं रांगेत उभी असताना त्याला वेळच नसतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसलेला असतो, त्यामुळे उजेड जिथून निघतो तिथूनच आपण बघत असतो. मग सावल्या वस्तूच्या मागं लपतात, आणि सावली दिसली नाही की नाकाचा उंचवटा, गालाचा खोलगटपणा, जरीचा उठाव यातलं काहीच कळत नाही.

गेल्या हिवाळ्यापासून मी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला धरायला शिकतोय. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या, पंचेचाळिशी गाठलेल्या माणसाला हे उद्योग कशाला, असं घरातही विचारून झालंय. कारण आहे. ते पुढं येईलच, आधी शिकलो काय ते सांगतो.

सामान फार लागत नाही. माझा कॅमेरा जुना, दुसऱ्याच्या हातचा. फ्लॅश गोडॉक्सचा, साधा मॅन्युअल, म्हणजे किती उजेड टाकायचा ते आपणच ठरवायचं. सोबत एक ट्रिगर. तो कॅमेऱ्यावर बसतो आणि बटण दाबलं की दूर ठेवलेल्या फ्लॅशला बिनतारी इशारा देतो. स्टँड घेतला नाही. आठवीतल्या एका पोराचा हात हा माझा स्टँड, आणि तो स्टँडपेक्षा बरा आहे, कारण ‘थोडा खाली, अजून खाली’ म्हटलं की ऐकतो.

पहिला सराव केला तो अम्मीच्या पाट्यावर. पाटा-वरवंटा आता आमच्याकडं कोपऱ्यातच पडून असतो, पण त्याला कधीतरी टाकी लावलेली आहे. समोरून फ्लॅश मारला तर फोटोत नुसता काळा दगड दिसला. तोच फ्लॅश पाट्याच्या कडेला, जवळजवळ दगडाच्या पातळीत धरला आणि टाकीचा एकेक घाव उठून आला. प्रत्येक खड्ड्याची एक कड उजळलेली, दुसरी अंधारात. अम्मी म्हणाली, “इसपे तो अब्बी बी मसाला पिसता.”

दुसरा धडा अंतराचा. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. हे सूत्र विज्ञानाच्या पुस्तकात असतं, लेकरं ते पाठ करतात, पण हातात फ्लॅश घेतल्यावर त्याचा खरा जाच कळतो. समजा तीन फूट रुंद दगड आहे आणि फ्लॅश त्याच्या कडेपासून एक फुटावर धरला. जवळची कड एक फुटावर, लांबची चार फुटांवर. लांबच्या कडेला उजेड पोचतो सोळावा हिस्सा. अर्धा दगड पांढराफेक आणि अर्धा काळोखात. तोच फ्लॅश सहा फूट लांब नेला तर जवळची कड सहावर, लांबची नऊवर, आणि फरक साधारण दुपटीचाच उरतो. म्हणून लांब जायचं आणि फ्लॅशची ताकद वाढवायची. दिवा जवळ नेला की चांगलं दिसतं, ही आपली रॉकेलच्या चिमणीपासूनची सवय. ती इथं सोडावी लागते.

तिसरा धडा दोन उजेडांचा, आणि तो समजायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. दिवसा फोटो काढताना कॅमेऱ्यात दोन उजेड एकदम शिरतात, सूर्याचा आणि फ्लॅशचा. सूर्य सतत असतो, फ्लॅश मात्र सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात येऊन जातो. त्यामुळे शटर किती वेळ उघडं ठेवलं याचा सूर्यावर परिणाम होतो, फ्लॅशवर होत नाही. शटरचा वेळ कमी करत गेलं की ऊन उतरत जातं आणि फ्लॅश तेवढाच राहतो. याला एक हद्द आहे. माझ्या कॅमेऱ्यात ती सेकंदाच्या २०० व्या भागाची. त्याहून वेगात गेलं तर शटरचे दोन पडदे पूर्ण उघडण्याआधीच मिटू लागतात आणि फोटोत आडवी काळी पट्टी येते. मग आयएसओ १०० वर, छिद्र एफ ११ किंवा एफ १६ पर्यंत लहान, आणि वेळ मगरिबच्या आसपासची. एवढं केलं की भर मैदानातही आपल्याला हवा तसा अंधार करता येतो. आणि अंधार आपल्या हातात आला की त्यात कुठून खिडकी उघडायची, तेही आपणच ठरवायचं.

खिडकीवरून आठवलं. कॅमेरा हा शब्द अरबीतून आला असा एक संदेश दरवर्षी आमच्या ग्रुपवर फिरतो, सोबत इब्न अल-हैसमचं चित्र. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या उजेडाचा अभ्यास त्यांनी हजार वर्षांपूर्वी केला, हे खरंच आहे, आणि तेवढं मोठेपण पुरेसं आहे. शब्द मात्र लॅटिन. खोली या अर्थाचा. गंमत अशी की आपण रोज बोलतो तो ‘कमरा’ही त्याच लॅटिन शब्दावरून पोर्तुगीजांच्या तोंडून इकडं आला. कमरा आणि कॅमेरा चुलतभाऊ आहेत. हे मी वर्गात सांगतो तेव्हा लेकरांना इब्न अल-हैसमपेक्षा हेच जास्त आवडतं.

आता कारण. उर्दू शिकवणाऱ्याचा अर्धा जन्म नुक्त्यांमागं जातो. बे, ते, से, नून, ये ही अक्षरं शब्दाच्या मधे आली की सगळ्यांचा दात एकसारखाच. वर एक ठिपका तर नून, दोन तर ते, तीन तर से; खाली एक तर बे, दोन तर ये. जीमचा नुक्ता पोटात, खेचा डोक्यावर, आणि तेवढ्यानं ‘जुदा’चा ‘खुदा’ होतो. वहीत हे चालून जातं, संदर्भावरून कळतं. दगडावर तसं नसतं. जुन्या फारसी-उर्दू लेखांमध्ये साल अनेकदा अबजद पद्धतीनं, म्हणजे एखाद्या वाक्यातल्या अक्षरांच्या किमती जोडून सांगितलेलं असतं. बेची किंमत २, ते ४००, से ५००, नून ५०, ये १०. जीमची ३ आणि खेची ६००. एक नुक्ता चुन्यात बुजला तर माणूस शतकंच्या शतकं इकडचा तिकडं होतो.

औसा हे असल्या दगडांचं गाव आहे. भुईकोट किल्ला, जुन्या मशिदी, दर्गे, आणि कब्रस्तानात कुठं कुठं कतबे, म्हणजे कबरीच्या उशाला उभे केलेले कोरीव दगड. फार नाहीत. आपल्याकडं कबर साधी ठेवण्याचाच रिवाज. जे आहेत त्यांच्यावर दर ईदला कुणीतरी श्रद्धेनं चुना मारतं आणि अक्षरं दरवर्षी थोडी थोडी बुडतात. हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुरातत्त्व खातं निघालं. त्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’चं संपादन करून कितीतरी लेख छापले. तेव्हाची रीत ठशाची. ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवायचा आणि वरून शाई लावायची. किल्ल्याच्या दरवाजावरच्या लेखाला ते ठीक. कुणाच्या दादीच्या कबरीवर ओला कागद ठोकायला मी जाऊ शकत नाही, आणि कुणी जाऊही नये. उजेड दगडाला हात लावत नाही. म्हणून हा उद्योग.

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा आहेत, पंचाहत्तरीकडं झुकलेले. त्यांच्या दादांचा कतबा कब्रस्तानाच्या जुन्या भागात आहे. दादा वारले तेव्हा चाचांचा जन्मही झालेला नव्हता. कधी वारले, असं लहानपणी विचारलं की त्यांचे अब्बा एवढंच म्हणायचे, “उसी साल.” आमच्या भागात ‘त्या साली’ म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पुलिस ॲक्शन, आणि त्यानंतरचे दिवस. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीनं सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यात उस्मानाबाद होता, आणि औसा तेव्हा उस्मानाबादेतच होतं. तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये. घराघरांतली माणसं मात्र बोललीच नाहीत. चाचांचे अब्बाही ‘उसी साल’च्या पुढं एक शब्द न बोलता गेले.

कतब्यावर सालाचा आकडा होता. चाचांनी तो अनेकदा बोटानं चाचपला होता, दुसऱ्यांकडून वाचून घेतला होता. सगळ्यांनी वाचला १३६१ हिजरी, म्हणजे इसवी १९४२. मग ‘उसी साल’ कुठलं? अब्बांना काय सांगायचं नव्हतं? चाचांनी हे मला शाळेच्या गेटवर उभ्या उभ्या विचारलं.

कमिटीची परवानगी काढली. तस्वीर जायज की नाजायज हा वाद आपल्याकडं अजून मिटलेला नाही, म्हणून एका मौलवीसाहेबांनाही आधी विचारून घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, फोटोत कुणाचा चेहरा येणार का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग दगडाला काय हरकत असणार. फातिहा पढून काम सुरू करा.

कबरी उत्तर-दक्षिण असतात, उशाचा दगड उत्तरेला, तोंड दक्षिणेकडं. आपण त्याच्यासमोर उभे राहिलो की उजवा हात पूर्वेला. त्या बाजूला दाट लिंब आहे, सकाळचं ऊन दगडापर्यंत पोचतच नाही. पोचतं ते दुपारनंतरचं, डाव्या अंगानं, वरून. म्हणजे इतकी वर्षं त्या दगडावर तिरपा उजेड पडला तो एकाच दिशेनं, वरच्या डाव्या कोपऱ्यातून.

आणि तिरप्या उजेडाचा एक स्वभाव आहे. जी रेघ उजेडाच्याच दिशेनं कोरलेली असते, तिला सावली पडत नाही. ती दिसत नाही. आडव्या रेघेला उजेड वरून किंवा खालून हवा, उभ्या अलिफला बाजूनं. म्हणून एका फोटोवर कधी थांबायचं नाही. कॅमेरा तिवईवर पक्का बसवायचा आणि फ्लॅश दगडाभोवती फिरवत एकेक फोटो घ्यायचा. याचंच पुढारलेलं रूप टॉम मॅल्झबेंडर यांनी २००१ च्या सुमारास एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार केलं. कॅमेरा जागेवर, उजेडाच्या कितीतरी दिशा, आणि मग संगणकावर हवा तिथून उजेड पाडून बघायचा. ग्रीसजवळच्या समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेरा यंत्रावरची अक्षरं वाचायला ते वापरलं गेलं. आमच्याकडं तसं सॉफ्टवेअर चालवणारं कुणी नव्हतं. आठवीतला पोरगा होता.

असरनंतर आम्ही दगडावरची धूळ नुसत्या मऊ ब्रशनं झटकली. ऊन उतरवलं. पहिला फोटो फ्लॅश वरच्या डाव्या कोपऱ्यात धरून, म्हणजे जसा सूर्य बघतो तसा. आकडा दिसला १३६१, शेवटचा १ किंचित कललेला. मग पोराला म्हटलं, दगडाच्या बरोबर खाली जमिनीवर टेकव आणि वर तोंड कर. तिथं सूर्य कधीच येत नाही.

उर्दूतला १ म्हणजे एक उभी रेघ. ७ म्हणजे खाली जुळणाऱ्या दोन तिरक्या रेघा, इंग्रजी व्हीसारख्या. उजेड सरळ खालून आला तर उभी रेघ विरून जायला हवी. पहिला १ तसा विरला. फोटोत तो जवळजवळ नाहीसाच झाला. शेवटचा मात्र विरला नाही. त्याला डावीकडं दुसरा हात फुटला होता. इतके दिवस वरच्या डाव्या उन्हाच्या रेषेत लपलेला.

चाचा माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होते. “सात हय क्या सर, ये?”

“हौ चाचा. सात.”

१३६७. म्हणजे नोव्हेंबर १९४७ ते नोव्हेंबर १९४८. ते कबरीच्या कडेला बसले. पोराला काही कळलं नाही, तो फ्लॅश धरून तसाच उकिडवा. मी म्हटलं, थांबा, महिना आहे इथं, आकड्याच्या उजवीकडं. तिथं चुना जाड होता. फ्लॅश उजवीकडं नेला, लांब, दगडाच्या पातळीच्या अगदी जवळ, आणि ताकद पूर्ण. तीन-चार फोटोंनंतर आधी रे आली, मग पुढचं जोडअक्षर, आणि त्याच्या पोटाखाली दोन नुक्ते, एक जीमचा, एक बेचा. रजब.

मी मोबाईलवर हिजरी कॅलेंडर काढलं. रजब १३६७ म्हणजे मे १९४८ चा दुसरा आठवडा ते जूनचा पहिला. चाचांना कॅलेंडरची गरज नव्हती, ते बोटांवर महिने मोजत होते. रजब, शाबान, रमजान, शव्वाल, जीकाद. पुन्हा एकदा मोजले.

“मतलब बारिश के पयले,” ते म्हणाले. “चार महिने पयले.”

दादा कशानं गेले ते दगडावर लिहिलेलं नाही, आणि चाचांनीही ते मला विचारलं नाही. रजबच्या फोटोची एक मोठी प्रिंट तेवढी मागितली. तारखेचा आकडा महिन्याच्या उजवीकडं असतो, तो कोपराच तुटलेला आहे. तुकडा तिथंच लिंबाखालच्या मातीत असेल असं चाचांना वाटतं. रविवारी फजरनंतर खुरपं घेऊन येतो म्हणालेत, पोरालाही सांगून ठेवलंय.