तीन पायऱ्या आणि एक उंबरठा

मराठी भाषेत पायरी आणि उंबरठा हे शब्द घराच्या बांधणीपुरते उरलेले नाहीत. आपली पायरी ओळखून राहावे, असे वडीलधारी माणसे बजावतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे व्यवहार सांगतो. नोकरीसाठी माणूस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो आणि नवी सून माप ओलांडून घरात येते. साहित्य शिकताना आणि पुढे शिकवताना या शब्दांचे लाक्षणिक अर्थ आम्ही असंख्य वेळा सांगितले आहेत. जब्बार पटेल यांच्या १९८२ सालच्या ‘उंबरठा’ या चित्रपटावरच्या चर्चांतही भाग घेतला आहे. परंतु प्रत्यक्षातला उंबरठा किती इंच उंच असतो, हे मोजून पाहण्याची वेळ आमच्यावर फार उशिरा आली. हा लेख त्या मोजणीविषयी आहे.

आम्ही म्हणजे दोन बहिणी आणि एक भाऊ. तिघांपैकी दोघे मराठीचे अध्यापक, तिघेही पुण्यात. आमचे मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्या दगडाचे आणि कौलारू. वडील गेल्यानंतर आई तिथे एकटी राहते. खळ्यातून पडवीत यायला दोन पायऱ्या, पडवीतून ओटीवर एक, आणि ओटीवरून माजघरात जाताना सागवानी उंबरठा. कोकणातल्या पावसात घर उंच जोत्यावर बांधावेच लागते. पाणी, ओल आणि विंचू-काटा बाहेर ठेवायचा तर जुन्या गवंड्यांकडे दुसरा उपाय नव्हता. त्यामुळे या पायऱ्यांत कुणाचा दोष शोधावा असे काही नाही. ज्यांनी त्या बांधल्या त्यांनी पावसाचा विचार केला होता, म्हातारपणाचा केला नव्हता, इतकेच.

चार-पाच वर्षे आम्ही एकमेकांना एक वाक्य सांगत होतो: ‘आईला आताशा बाहेर यायला आवडत नाही.’ पूर्वी संध्याकाळी खळ्यात वाळवणे काढता काढता तिची येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणी चालत. समोरच्या घरातल्या काकूंकडे तर दिवसाआड फेरी होई. हे सगळे हळूहळू थांबले. आई माजघरात बसून पोथी वाचू लागली. आम्ही त्याचे अर्थ लावले. वडिलांच्या जाण्याने ती खचली असेल. समोरच्या काकूंशी काहीतरी बिनसले असेल. वयपरत्वे माणूस अंतर्मुख होतोच. या अर्थनिर्णयात आम्हाला थोडे समाधानही वाटत असावे. माणसाच्या मनाचा थांग लावणे हा आमच्या व्यवसायाचाच भाग आहे.

२०२२ च्या श्रावणात आई न्हाणीघरात पडली. न्हाणीघराचे दार २२ इंचांचे आणि आत उघडणारे. ती दाराच्या मागेच पडली होती, त्यामुळे बाहेरून दार ढकलणे म्हणजे तिच्याच अंगावर ढकलणे होते. दूध घालायला आलेल्या शेजारच्या मुलाने तिची हाक ऐकली, छपराची कौले काढली आणि तो वरून आत उतरला. तोवर तिने दोन तास ओल्या फरशीवर काढले होते. सुदैवाने मनगटाच्या हाडावर निभावले. आम्ही पोहोचलो तेव्हा हाताला प्लास्टर घालून ती खाटेवर बसली होती. पहिले वाक्य बोलली ते असे: “ते दार तेवढं बाहेर उघडणारं करून घ्या रे.”

“अगं आई, मग आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नेहमी गुडघ्यांचं विचारता.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. फोनवर आमचा पहिला प्रश्न खरोखरच गुडघ्यांचा असे. बिघाड तिच्या शरीरात आहे हे आम्ही गृहीत धरले होते, आणि घर मात्र आमच्या दृष्टीने जसे असते तसेच होते.

पुढचा विचार सगळीच मुले करतात तो आम्हीही केला: आईला पुण्याला आणावे. इमारतीला लिफ्ट आहे, असे आम्ही उत्साहाने सांगितले. आईच्या ध्यानात मात्र ती इमारत आमच्यापेक्षा अधिक होती. “लिफ्टपर्यंत जायला पाच पायऱ्या आहेत,” ती म्हणाली, “आणि तिथे मला ओळखणारं कोण?” तेव्हा घरच बदलायचे ठरले.

ओळखीच्या एका वास्तुरचनाकारांनी आम्हाला वाचायला दिलेल्या कागदांत रोनाल्ड मेस हे नाव प्रथम भेटले. हे अमेरिकन वास्तुरचनाकार. नवव्या वर्षी पोलिओ झाल्याने ते चाकाची खुर्ची वापरत. म्हाताऱ्यांसाठी वेगळे, अपंगांसाठी वेगळे असे न करता, शक्य तितक्या सर्व माणसांना मुळातच वापरता येईल अशी रचना करावी, या विचाराला ‘युनिव्हर्सल डिझाइन’ हे नाव त्यांनी दिले. १९९७ साली नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या केंद्रात मेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सात तत्त्वे मांडली. त्यांतले पाचवे आमच्या मनात राहिले. माणसाच्या हातून चूक होणार, तोल जाणार, विसर पडणार. अशा चुकीची शिक्षा कमीत कमी व्हावी अशी रचना हवी, असा त्याचा आशय. आमच्या न्हाणीघराचे दार चुकीला क्षमा करणारे नव्हते. एकदा पाय घसरला की तेच मदतीची वाट अडवून बसणार होते.

मग टेप घेऊन आम्ही घर मोजले. प्रत्येक पायरी नऊ इंच. उतरणीचा रूढ नियम असा की एक फूट उंची गाठायला बारा फूट लांबी हवी. खळ्यापासून ओटीपर्यंत २७ इंचांची चढण, म्हणजे २७ फूट लांबीचा उतार. तीन पायऱ्यांना सरळ सत्तावीस फूट लागतात, हे गणित कागदावर मांडले तेव्हा त्या पायऱ्या आईकडून रोज काय मागत होत्या, याची कल्पना आली. सुदैवाने खळे ऐसपैस आहे. घराच्या कडेने, मध्ये विसाव्याचा सपाट टप्पा ठेवून, काटकोनात वळवून उतार बसला. कोकणात शेवाळ धरते म्हणून गवंड्याने पृष्ठभागावर आडव्या खाचा मारल्या. दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा केला. उरलेल्या पायऱ्यांच्या कडांवर पिवळा पट्टा ओढला, कारण मोतीबिंदूच्या डोळ्याला संधिप्रकाशात पायरीची कड दिसत नाही. न्हाणीघराचे दार ३६ इंचांचे आणि बाहेर उघडणारे झाले. फिरकीच्या नळांच्या जागी कोपरानेही उघडतील अशा दांडीच्या तोट्या आल्या. यांतले एकही काम अवघड नव्हते. वीस वर्षांपूर्वी न्हाणीघर नव्याने बांधले, तेव्हाच रुंद दार बसवले असते तर वेगळा खर्चही आला नसता.

अडचण उंबरठ्यापाशी आली. आम्ही तो काढून टाकायला निघालो होतो. आईने साफ नकार दिला. त्या उंबरठ्यावर ती लग्न होऊन आली तेव्हापासून रांगोळी काढत आली आहे. “घराला उंबरठा नको म्हणजे काय? ती काय दुकानाची खोली आहे?” आम्ही तिला ठेचेचे धोके समजावू लागलो. गवंडी मात्र काही वेळ उकिडवा बसून लाकडाकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, “काकू, ह्योच उंबरठा खाली बसवतो. फरशीच्या बरोबरीला.” तसेच झाले. जुने सागवान जमिनीत बसले, वरचा भाग फरशीशी समतल. रांगोळी त्याच लाकडावर पडते आणि पाऊल अडखळत नाही. न्हाणीघरातल्या आधाराच्या दांडीलाही तिचा विरोध होता. घराचा दवाखाना होईल म्हणे. जांभा ठिसूळ म्हणून भिंतीत काँक्रीटचा ठोकळा घालून दांडी पक्की केली. आई तिला पंचा वाळत घालायची दांडी म्हणते आणि धरते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून २०११ साली भारतीय परिस्थितीसाठी अशाच रचनेची पाच तत्त्वे पुढे आली: समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता आणि सुंदर. पाचही शब्द ‘स’ने सुरू होणारे, याचे आम्हाला आधी केवळ भाषिक कौतुक वाटले. त्यांतला ‘सांस्कृतिक’ हा शब्द कशासाठी आहे, हे गवंड्याने जमिनीत बसवलेल्या उंबरठ्याने शिकवले. सोय करताना माणसाचे घर त्याच्यापासून काढून घेतले, तर ती सोय अर्धीच राहते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा रोख मुख्यतः सार्वजनिक इमारती आणि आस्थापनांवर आहे. घराच्या आतल्या पायऱ्यांचा विचार शेवटी घरातल्यांनाच करावा लागतो.

या काळात वर्गात महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ शिकवायचे होते. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातली दादी वाचकांच्या परिचयाची आहे. आतल्या खोलीतून किती वाजले म्हणून विचारणारी ही म्हातारी थांबलेल्या काळाचे प्रतीक आहे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि ते चूक आहे असे आजही म्हणणार नाही. पण या वेळी एका विद्यार्थिनीला आम्ही विचारले, की दादीला अंगणात यायचे असते तर त्या वाड्यात तिला किती पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या? वर्ग हसला, मग गप्प झाला. प्रतीक झालेल्या माणसाला कुणी हात देत नाही. नाटकातल्या दादीला त्याने काही फरक पडत नाही. आमच्या आईला पडला होता. तिच्या घराबाहेर न येण्याला आम्ही स्वभाव म्हटले, अंतर्मुखता म्हटले, शोक म्हटले. सारांश, जिथे ‘पायरी’ लिहायला हवे होते तिथे आम्ही ‘स्वभाव’ लिहीत होतो.

२०२३ च्या संक्रांतीला उतार तयार झाला. हातात काठी घेऊन आई एकटी खळ्यात उतरली, बेड्यापर्यंत गेली आणि समोरच्या बंद घराकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. काकू आदल्या वैशाखात गेल्या होत्या. आम्ही भीतभीत विचारले, “तुमचं काही बिनसलं होतं का?”

“छे रे. तिच्याकडे चार पायऱ्या, माझ्याकडे तीन. तिचे गुडघे माझ्याहून वाईट. मग आम्ही खिडकीतून हात करायचो एकमेकींना.”

रस्त्याची रुंदी धरून दोन घरांमधले अंतर साठ पावलांचे असेल. शेवटची तीन-चार वर्षे दोन मैत्रिणी या अंतरावरून हात करत राहिल्या, आणि आम्ही तिघे सुटीत येऊन त्यांच्या भांडणाचे कारण शोधत राहिलो. उतार आठ महिने उशिरा झाला असे म्हणावे, तर ते खरे नाही. तो पाच वर्षे उशिरा झाला, आणि एकाच घराला झाला.

आई आता रोज खळ्यात येते. उताराचा उपयोग सिलिंडरवाल्याला होतो, भाचीच्या बाबागाडीला होतो, गुडघा दुखावलेल्या आमच्यातल्या एकालाही झाला. पुण्याला परतल्यावर आम्ही तिघांनी आपापल्या घरांतली न्हाणीघरे मोजली. तिघांचीही दारे २४ इंचांची निघाली, आणि तिन्ही आत उघडतात. आमच्यातला सर्वांत धाकटा पंचावन्न वर्षांचा आहे. सुताराला सांगून ठेवले आहे.