पितळेच्या पुंगळीस अनावृत पत्र

प्रिय पुंगळी,



नेम लागला की कौतुक नेमबाजाचं, मग रायफलचं, फार तर गोळीचं. बोल्ट मागे ओढला की तू उडतेस आणि धुळीत पडतेस. एनसीसीच्या फायरिंगला आम्ही तुला फक्त मोजायचो. दिलेले राऊंड आणि वेचलेल्या पुंगळ्या यांचा हिशेब जुळेपर्यंत कुणाला हलू देत नसत. पॉइंट टू-टूची ती इवलीशी पुंगळी, काठावर पिनेचा चपटा ठसा. त्या काठात काय असतं हे तेव्हा ना आम्ही विचारलं, ना कुणी सांगितलं.

पेटणारा मसाला त्या पोकळ काठातच असतो. तो ओला असताना पुंगळी गरगर फिरवून काठात बसवतात. कुठे दाट, कुठे विरळ बसला की एक गोळी जोरात सुटते, दुसरी जरा मंद. काठाची जाडीही सारखी लागते, कारण चेंबरमध्ये तू टेकतेस ती काठावरच. जाडी बदलली की पिनेचा घाव बदलतो. आणि ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर. गोळीच या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपाच मिलिमीटरच्या वर भरते. चुकायला जागा आहे कुठे?

गंमत म्हणजे तुझं हे काडतूस १८८७ चं. सरळ नळी, ना खांदा ना गळा. तुला उघडून पुन्हा भरताही येत नाही, म्हणजे नेमबाज सर्वस्वी तुझ्या हवाली. तरी कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ आणलं, ते याच पुंगळीवर. असे नेमबाज एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या बॅरलमधून झाडून बघतात. ज्याच्या छिद्रांचा ग्रुप घट्ट येतो, तो लॉट जमेल तेवढा उचलतात. आकार सगळ्यांचा तोच, निकाल निराळे!

म्हणून पुंगळीच्या आकाराचे पोवाडे गाणाऱ्यांचं मला पुरतं पटत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी आखूड, जाडसर पुंगळी काढली. दारूचा थर बुटका, म्हणून ती एकसारखी पेटते, असा युक्तिवाद. बेंचरेस्टच्या, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून होणाऱ्या, स्पर्धांत तिने बाकीच्यांना जवळपास हुसकावून लावलं, हे खरं. पण तीच मंडळी गळ्याची जाडी तासून एकसारखी करत होती, ठिणगीचं भोक साफ करत होती, पुंगळ्या वजन करून निवडत होती. मग श्रेय बुटकेपणाला किती आणि या निगुतीला किती? मी निगुतीला झुकतं माप देईन.

तुझ्या थोरल्या बहिणींचं, म्हणजे ७.६२ वगैरेंचं, सगळं गळ्यात असतं. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. त्या पितळेची वाटी ओढत ओढत लांबवायची, मधून मधून तापवून मऊ करायची. बार उडाला की दाब वातावरणाच्या तीन हजार पटींच्या वर जातो. तू फुगून चेंबरला चिकटतेस, वायू मागे येऊ देत नाहीस आणि लगेच आकसून सुटतेस. पण ओढून घडवलेल्या पितळेत ताण राहून जातो. इंग्रजी अमलात इथल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात पडल्या पडल्या तडकायची. दमट हवा आणि तबेल्यातल्या घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दोघांनी मिळून तो ताण फोडला. महाबळेश्वरचा पाऊस वाईत उतरला की देवघरातली समई नुसती काळवंडते. तू उभी चिरायचीस. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. उपाय साधा होता, घडवून झाल्यावर हलका शेक.

त्या शेकाचा नेमाशीही संबंध आहे. गळा शेकून सारखा मऊ झाला, तर प्रत्येक पुंगळी गोळीला सारख्याच जोराने धरते आणि सारख्याच जोराने सोडते. अनेक लष्करी काडतुसांच्या गळ्याशी निळसर-जांभळी झाक दिसते ना, ती त्या शेकाची खूण.

आता एक तक्रार, तुझ्याकडे नव्हे, तुझ्या निमित्ताने. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे, वरणगावलाही तू घडतेस. तरी आपले अव्वल नेमबाज स्पर्धेला उतरतात ते परदेशी काडतुसं घेऊन. लष्कराला लागते ती चिखलात, उन्हात, दहा वर्षांनीही हमखास उडणारी पुंगळी. नेमबाजाला लागते ती शेजारणीसारखी हुबेहूब. पहिली विद्या इथे मुरलेली आहे. दुसरी वेगळी आणि खर्चिक आहे, मागणीही थोडी. पण कोल्हापूर-साताऱ्याकडची पोरं दर मोसमात बॉक्सचा भाव विचारून सराव आखत असतील, तर ती मागणी अगदीच थोडी म्हणू नये.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
वाईचा एक जुना कॅडेट