रकान्यातला एक

कौटुंबिक मासिकात संख्याशास्त्रासारखा रुक्ष विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. त्यातून ते संख्याशास्त्र तुरुंगाचे आहे म्हटल्यावर पान उलटण्याची इच्छा अधिकच प्रबळ होईल. तरीही वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे. आपल्या घरांतून डॉक्टर, वकील, प्राध्यापक पुष्कळ निघाले आणि त्यांच्या आठवणीही आपण आवडीने वाचल्या. परंतु सरकारी कचेरीच्या कोपऱ्यात बसून जन्मभर तक्ते जुळविणाऱ्या माणसाच्या कामाची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाही.

माझे थोरले साडू हे अशा माणसांपैकी एक. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. एका राज्याच्या कारागृह मुख्यालयात वरिष्ठ सांख्यिकी अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले. लग्नाकार्यात कोणी नवखा पाहुणा त्यांना विचारी, "तुम्ही तुरुंगात किती वर्षे होता?" त्यावर दादा गंभीर चेहऱ्याने उत्तर देत, "बावीस वर्षे. पण रोज संध्याकाळी सोडीत असत." पंगतीत हशा पिके आणि विषय तेथेच संपे. त्या बावीस वर्षांत त्यांनी नेमके काय केले, हे मला पुष्कळ उशिरा समजले. दिवाळीच्या सुटीत ते इंदूरला आमच्याकडे आले होते. मी शाळेच्या पटाचा आणि हजेरीचा गोषवारा मांडून बसलो होतो. दादांनी कागद हाती घेतला, बेरजा पाहिल्या आणि सहज विचारले, "मास्तर, ही मोजणी कोणत्या दिवसाची?" त्या एका प्रश्नातून आमचे बोलणे रात्री उशिरापर्यंत चालले.

आपल्या देशातील तुरुंगांची अखिल भारतीय आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रसिद्ध करतो. हा विभाग १९८६ साली स्थापन झाला आणि तुरुंगांचा वार्षिक सांख्यिकी अहवाल १९९५ सालापासून निघू लागला. प्रत्येक कारागृहाने ३१ डिसेंबर रोजी आपल्याकडे किती बंदी आहेत, त्यांपैकी शिक्षा झालेले किती, खटल्याचा निकाल न लागलेले म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते किती, स्थानबद्ध किती, त्यांचे वय, शिक्षण, तुरुंगातील मुदत ही सारी माहिती ठराविक नमुन्यात भरावयाची. ती राज्याच्या मुख्यालयात येते, तेथे तपासली जाते आणि मग दिल्लीस जाते. दादांचे काम मधल्या टप्प्यावरचे. शेकडो हातांनी भरलेले तक्ते त्यांच्या टेबलावर येत, आणि त्यांतून एक विश्वासार्ह तक्ता बाहेर पडावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे.

या अहवालांतील काही आकडे वाचकांपुढे ठेवतो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशात १,३३० कारागृहे होती. त्यांची एकूण क्षमता ४,३६,२६६ आणि प्रत्यक्ष बंदी ५,७३,२२०. म्हणजे शंभर माणसांच्या जागेत एकशे एकतीस. त्या बंद्यांत कच्चे कैदी होते ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५.८. आता क्षमतेचा आकडा आणि कच्च्या कैद्यांचा आकडा शेजारी शेजारी लिहून पाहावेत. त्या दिवशी देशात शिक्षा झालेला एकही माणूस कारागृहात नसता, तरी ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही अशा माणसांनीच सारे तुरुंग जवळजवळ काठोकाठ भरले असते. मी हे प्रथम मांडून पाहिले तेव्हा बेरीज चुकली असावी असे वाटून पुन्हा तपासली. बेरीज बरोबर होती.

परंतु दादांची शिकवण अशी की, आकडा जितका धक्कादायक तितका तो अधिक सावधपणे वाचावा. २०१९ अखेर कच्च्या कैद्यांचे प्रमाण शेकडा ६९ होते. २०२० अखेर ते ७६ झाले. एका वर्षात सात टक्क्यांची वाढ पाहून कोणीही म्हणेल की, निरपराधांची धरपकड वाढली. कच्च्या कैद्यांची संख्या खरोखरच वाढली होती : ३,३०,४८७ वरून ३,७१,८४८. पण त्याच वर्षी शिक्षा झालेल्यांची संख्या १,४४,१२५ वरून १,१२,५८९ वर आली. कोविडच्या साथीत तुरुंगांतील गर्दी कमी करावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२० मधील आदेशानंतर राज्याराज्यांत उच्चाधिकार समित्या नेमल्या गेल्या आणि पुष्कळ बंद्यांना पॅरोलवर वा जामिनावर सोडण्यात आले. शिक्षा झालेल्यांची संख्या पूर्वीइतकीच राहिली असती, तर ते प्रमाण बहात्तरच्या आतच थांबले असते. म्हणजे सातांपैकी चारांहून अधिक टक्के छेद लहान झाल्यामुळे वाढले. हे सांगितल्याने अन्याय लहान होत नाही. तो कोठे आहे हे नीट कळते, इतकेच.

दुसरी गोष्ट मोजणीच्या दिवसाची. समजा, एखाद्या लहान तुरुंगात वर्षभरात बारा माणसे एकेक महिना राहून गेली आणि तेरावा माणूस वर्षभर तेथेच आहे. ३१ डिसेंबरला गेलात तर आत दोनच माणसे दिसतील, आणि त्यांतला एक वर्षभराचा. म्हणजे निम्मे बंदी दीर्घ मुदतीचे! पण वर्षभरात आत येऊन गेलेली माणसे मोजली तर तेरांत एकच. दोन्ही आकडे खरे आहेत. २०२१ अखेर तुरुंगांत ५,५४,०३४ माणसे होती; त्याच वर्षात तुरुंगाचे दार ओलांडून आत गेलेल्यांची संख्या मात्र सुमारे १८ लाख. पहिला आकडा कोठडीतील गर्दी सांगतो. दुसरा आकडा किती घरांत त्या वर्षी चूल पेटताना कोणाची तरी उणीव भासली असेल, याचा अंदाज देतो. यांतला एकच आकडा सांगून दुसरा दडविणे दादांना खोटे बोलण्यासारखेच वाटे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६ अ घालण्यात आले आणि २००६ साली ते अमलात आले. गुन्ह्यास जी कमाल कैद सांगितली आहे तिच्या निम्मी मुदत कच्चा कैदी म्हणून भोगलेल्या माणसास, देहान्ताचा गुन्हा नसेल तर, सामान्यतः मुक्त करावे, असा त्याचा आशय होता. त्यानंतरच्या काळातील ही हकीकत. एका जिल्हा कारागृहाच्या तक्त्यात 'पाच वर्षांहून अधिक' या रकान्यात सलग दोन वर्षे एक हा आकडा येत होता. तिसऱ्या वर्षी तेथे शून्य आले. वरच्या अधिकाऱ्यास शून्य पाहून आनंदच होतो. दादांनी मात्र सुटकेचा तक्ता काढून पाहिला. त्यात तो माणूस नव्हता. मृत्यूच्या तक्त्यातही नव्हता, शिक्षा लागलेल्यांतही नव्हता. त्यांनी पत्र पाठविले. उत्तर आले : सदर बंदी प्रशासकीय कारणास्तव अन्य कारागृहात वर्ग.

दादांनी त्या दुसऱ्या कारागृहाचा तक्ता उघडला. तेथे 'पाच वर्षांहून अधिक' हा रकाना रिकामाच. मग हा माणूस गेला कोठे? तो 'तीन महिन्यांपर्यंत' या रकान्यात, इतर पुष्कळांबरोबर बसलेला होता. तेथील लिपिकाने मुदत धरली होती ती आपल्या दारी आल्याच्या दिवसापासून. त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. त्याच्या नोंदवहीत तोच दिनांक होता. पण एका बदलीने त्या माणसाची सहा वर्षे कागदावरून पुसली गेली होती. आरोप चोरीचा होता. जामीन पूर्वीच मंजूर झालेला होता, परंतु जामीनदार म्हणून उभे राहणारे कोणी नव्हते.

दादांनी दोन कामे केली. त्या माणसाची टिपणी विधी शाखेकडे धाडली, आणि मुदत पहिल्या अटकेच्या दिनांकापासूनच धरावी असे परिपत्रक वरिष्ठांच्या सहीने काढवून घेतले. पुढील वर्षी मुख्यालयाच्या तक्त्यात दीर्घ मुदतीचे कैदी एकाएकी वाढलेले दिसले. त्याबद्दल बैठकीत त्यांना बोलणी खावी लागली. तुमच्यामुळे आपले राज्य वाईट दिसते, असे एका अधिकाऱ्याने स्पष्टच सुनावले. दादांनी उत्तर दिले, "साहेब, माणसे तेवढीच आहेत. आता ती दिसू लागली आहेत." काही महिन्यांनी तो माणूस वैयक्तिक मुचलक्यावर सुटल्याचे एका ओळीचे पत्र आले. दादांनी त्याचे तोंड कधीही पाहिले नाही.

मोजणी आणि मुक्ती यांचे हे नाते जुने आहे. इंग्लंडात १७७३ साली बेडफर्डशायरचा शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्डच्या असे ध्यानात आले की, निर्दोष ठरलेली माणसेही जेलरची फी देता येत नाही म्हणून तुरुंगातच अडकून पडली आहेत. मग तो तुरुंगामागून तुरुंग पाहत हिंडला आणि १७७७ साली त्याने आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आपल्याकडे जानेवारी १९७९ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी वृत्तपत्रात लिहिले. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, मध्य प्रदेशाचे पोलीस प्रमुख राहिलेले हे गृहस्थ तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. ज्या गुन्ह्यासाठी धरले त्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ आत राहिलेली माणसे त्यांना आढळली होती. त्या लिखाणाच्या आधारे वकील कपिला हिंगोराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तोच हुसैनआरा खातून खटला. शीघ्र न्याय हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. त्या साऱ्याच्या मुळाशी होती ती नावांची आणि दिवसांची एक यादी.

यात मास्तरांचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आरोपीच्या वयाविषयी शंका असेल, तर पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहावयाचे. ते नसेल तर नगरपालिकेचा दाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक बाई आली. तिचा मुलगा आठवीनंतर शाळा सोडून गेला होता आणि कोणत्याशा प्रकरणात तुरुंगात होता. पकडले तेव्हा त्याने आपले वय अंदाजाने अठरा-एकोणीस सांगितले, तेच लिहिले गेले. मी दाखल-खारीज रजिस्टर काढले. प्रवेशाच्या वेळी जोडलेली नगरपालिकेची चिठ्ठीही होती. घटनेच्या दिवशी मुलगा सोळा वर्षे काही महिन्यांचा होता. मूळ रजिस्टर घेऊन मला न्यायालयात जावे लागले. पानांच्या कडा झिजल्या होत्या, शाई फिकी झाली होती, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. पुढे मुलाची रवानगी तुरुंगातून निरीक्षणगृहात झाली. त्या वर्षीच्या तक्त्यात 'अठरा ते तीस' या रकान्यात एक आकडा कमी झाला असेल. तो कोणाचा, हे मला ठाऊक आहे.

अनेक शाळांच्या जुन्या रजिस्टरांत पानेच्या पाने एक जुलैला जन्मलेल्या मुलांची आढळतात. आईबापांना तारीख सांगता आली नाही की ती घालून द्यावयाची, असा प्रघात होता. माझ्या हाताखालील शिक्षकांना मी ही मुलाची गोष्ट सांगतो आणि चिठ्ठी आणविल्यावाचून तारीख लिहू नका, असा आग्रह धरतो.

कायदाही या मोजणीकडे आता अधिक बारकाईने पाहू लागला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या माणसाच्या बाबतीत निम्म्या मुदतीऐवजी एक-तृतीयांश मुदत ठरविली. जन्मठेपेचे गुन्हे मात्र वगळले. मुदत भरताच न्यायालयास लेखी कळविण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर टाकले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे सांगितले. दिवस संगणक मोजतो हे खरे. परंतु त्यात पहिला दिनांक माणूसच घालतो.

आपल्या समाजात फडणीस, दफ्तरदार, चिटणीस ही आडनावे लेखणीच्या चाकरीतून आली. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दरबारी आपल्या पूर्वजांनी दफ्तरे सांभाळली आणि त्याचा आपण अभिमान बाळगतो. तो अभिमान ज्याने बाळगावा, त्याने आपल्या हातच्या नोंदीत कोणाचे आयुष्य अडकले असेल, याचाही विचार करावा. २०२२ अखेर १,५३७ बंदी स्त्रियांबरोबर त्यांची १,७६४ लहान मुले तुरुंगात राहत होती. या मुलांवर कसलाच आरोप नाही. ती वेगळी मोजली जातात म्हणून त्यांच्या दुधाची, खेळण्याची, अक्षरओळखीची मागणी कोणी तरी करू शकतो.

दादा निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. तुरुंगांत रोज संध्याकाळी बंदी बराकीत गेल्यावर मोजणी होते आणि ती जुळल्याखेरीज पहारा बदलत नाही, असे ते सांगतात. ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे मुले जागून नवे वर्ष साजरे करतात. दादा घरी असले तर दहाच्या सुमारास उठतात, घड्याळाकडे पाहतात आणि "मोजणी झाली असेल" एवढेच म्हणून झोपावयास जातात.